न्हाणी, डावी

नोशिरोत, पाइनच्या रांगेपलीकडे
लोखंडी घोड्यांवर उभ्या केलेल्या फळ्या.
तोंडं दक्षिणेला, समुद्र उजव्या हाताला.
ऊन, पाऊस, खारं वारं, हिम:
सोसण्यापलीकडे त्यांना काम नाही.

मला आहे. दर ऑक्टोबरात
कडांची जाडी मोजायची.
बारा मिलीमीटरची फळी
पहिल्याच हिवाळ्यात चौदाची होते,
वाळली तरी पुन्हा बाराची होत नाही.
कुसाकारी-सान म्हणायचे,
पाणी आधी कडेनं शिरतं,
मधोमध सगळं ठीकच दिसत असतं.
त्या वर्षी ते निवृत्त व्हायचे होते.

भुशाची फळी पावासारखी फुगते.
प्लायवुड चिवट, पण वरचा पापुद्रा
आधी राखाडी होतो, मग चिरतो,
मग थंडीतल्या ओठासारखा सुटून येतो.
युरियाचा गोंद लवकर हाय खातो.
फिनॉलचा काळा, हेकट;
लाकूड झिजून गेलं तरी
त्याची रेघ आपली जागेवर.

प्रत्येकीची एक जुळी बहीण आत असते,
वीस अंशांत, पासष्ट टक्के दमटपणात.
पावसाचा थेंब तिला ठाऊक नाही.
तिच्याशी ताडून
बाहेरचीचं नुकसान लिहायचं.

नोव्हेंबर सरताना आईकडे गेले.
खिडक्यांना हिमाचा आडोसा लावायचा होता.
न्हाणीघराची फळी बाबांनी
कुठल्याशा बांधकामावरून उचलून आणलेली.
पाठीवर पेन्सिलीनं त्यांचं अक्षर:
न्हाणी, डावी.
एक कोपरा भिजलेल्या वहीसारखा उलगडलेला.
आई म्हणाली, उलटी धर, ती तशीच बसते.

बसली.
पाचर नाही, खिळा नाही.
चौतीस हिवाळे फुगून फुगून
ती खाचेच्या मापाची झाली होती.

खिशात व्हर्निअर होताच.
एकोणीस पूर्णांक चार.
आणि मुळात किती होती?
आईला आठवेना.
"तुझे बाबा म्हणाले होते,
दोन वर्षं निघतील."

आमच्या तक्त्यात हिला रकाना नाही.
आकडा तळहातावर लिहून घेतला,
आणि रात्री त्याच फळीमागे
गरम पाण्यात बसल्यावर
तो पुसून गेला.

बाहेर हिम सुरू झालं असावं.
काहीच ऐकू येत नव्हतं.