इतर

वही म्हणजे तरी काय,
दाल मिलनं वाटलेली मागल्या सालची डायरी.
वार एकही जुळत नाही,
सोमवारच्या पानावर आमचा बुधवार.
पहिल्या पानावर मन्मथचं अक्षर, आखडलेलं:
मिरची कांडप मशीन, तीन एचपी, अठ्ठ्याऐंशी हजार.
त्याच्याखाली माझं: भाव करायचा.

संध्याकाळी सातला पिग्मीवाला येतो.
त्याच्या हातातलं चिमुकलं यंत्र
पावतीची जीभ बाहेर काढतं.
साठ रुपये. कधी चाळीस.
एकदा वीसच दिले
तेव्हा त्यानं चहा घेतला नाही.

मन्मथ येतो ते भुवयांवर तुरीची धूळ घेऊन.
जेवणं झाली की ताटं तशीच सरकवून
पोथीला बसल्यासारखे आम्ही डायरीला बसतो.
तो सांगतो, मी लिहिते.
दूध. रिचार्ज. शिवकन्येची कंपासपेटी.
फॉल-पिकोचे जमा, एकशे दहा.
उदगीरच्या उन्हाळ्यात रात्री पंखा किती वाजता बंद करायचा
यावर दोन दिवस भांडलो.
पंखा जिंकला.

काय काय सोडलं
ते लिहायला रकाना नाही.
त्याची तंबाखू (सोडली म्हणतो).
बीदरला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं,
अहेर, तिकिटं, सगळ्यांना कपडे;
फोनवर सांगितलं, लेकराला ताप आहे.
आणि मग रात्रभर
त्या धडधाकट लेकराचं कपाळ चाचपत बसले.

श्रावणात एकदा तो सांगता सांगता अडखळला.
लिही, इतर, दोनशे दहा.
इतर म्हंजी?
इतर म्हंजी इतर.
पुढच्या महिन्यात पुन्हा तेवढेच.
मी लिहिलं,
पेन असं दाबून की खालच्या तीन पानांवर उमटावं.
तंबाखू? एवढ्याची?
दुसरंही काही मनात आलं,
ते कुकरची शिट्टी होईपर्यंत राहिलं.

दिवाळीचे कपडे भिजवताना त्याच्या खिशात
एसटीची तिकिटं सापडली, लगदा झालेली.
लातूर एवढंच वाचता आलं.
कामून गेला होतास रे?
तो हसला नाही.
म्हणाला, दुकानात मशीन चालू करून दाखवतात.
मालकाला म्हणतो, घरी विचारून सांगतो.
आवाज ऐकून येतो, बस.
कसाय आवाज?
त्यानं उपड्या परातीवर दोन्ही मुठींनी
वाजवून दाखवला, आधी हळू, मग जोरात,
शेजारच्या काकूंनी भिंत ठोकली
आणि शिवकन्या झोपेतच शिंकली.

मग मला गप्प बसवेना.
आई म्हणायची, नवऱ्याच्या ताटात सगळं वाढ,
डब्यातलं सगळं दाखवू नको.
ज्वारीच्या कोठीत, पार तळाला,
पावडरच्या रिकाम्या डब्यात
माझे चार हजार तीनशे.
ते मशीनसाठी नव्हते.
कशासाठी होते ते सांगायला जीभ वळत नाही.
हा माणूस पीत नाही, हात उचलत नाही,
तरी होते.

पहिल्यांदा पेन त्याच्याकडं दिलं.
लिही म्हटलं, इतर, जमा.
किती?
हात कोपरापर्यंत ज्वारीत होता तेव्हा
आकडा एक ठरवला होता.
तोंडातून आलं, तीन हजार.

त्यानं लिहिलं. अक्षर तेच, आखडलेलं.
मान वर न करता विचारलं,
तुझ्याकडं राहिलं का काही?
थोडं.
राहू दे, म्हणाला. असावं.

खाली रेघ ओढून बेरीज मांडली
आणि हातचा एक धरायला विसरला.
मला दिसलं.
उद्या सातच्या आत सांगेन.
आता तो परातीवर पुन्हा
हळूहळू बोटं वाजवत होता.