आकडा

दिब्ब्याच्या बाजारात, मासळीच्या शेडमागे
माझं औषधांचं काउंटर.
काचेवर डोंगराची धूळ,
पुसली की तासाभरात परत.
खडी फोडणाऱ्या यंत्रांचा आवाज इथवर येत नाही,
पीठ तेवढं येतं.

इस्माईल हजवाने, बाणकोटचे, वय एकोणसाठ.
क्रशरवर बावीस वर्षं.
रमजानच्या चौथ्या दिवशी आले
ते प्रत्येक वाक्य मधेच टेकवत,
चढणीवर डोक्यावरचं ओझं टेकवावं तसं.
म्हटलं, पंप दाखवा.
निळ्या पंपाच्या पाठीला इवलीशी खिडकी,
खिडकीत आकडा: ११४.
मागच्या आठवड्यातही ११४च होता.

"दिवसा नाय घेत, बाय."
"अहो, हवाच आहे ती."
"हवा असती तर तिचे पैसे पडले असते?"

इथल्या इमामांनी सांगितलंय, चालतं.
गावच्या मौलवींनी फोनवर सांगितलं, नाही चालत.
इस्माईलभाई दोघांनाही मानतात,
म्हणजे जे जड असेल ते पाळतात.

तपकिरी पंप मी सहेरीला आणि इफ्तारनंतर लावून दिला,
दोन दोन झटके, मग चूळ.
ते लगेच पटलं.
आणि निळा?
निळा खिशात असतोच, म्हणाले,
पासपोर्ट कंपनीकडे, हा तरी आपल्याकडे.

मला हसता आलं नाही.
मागच्या भाद्रपदात, हरतालिकेला,
याच काउंटरमागे
कपाळाची शीर उडत असताना
डोकेदुखीच्या गोळ्यांच्या चळतीकडे बघत
मी अख्खा दिवस काढला होता.
पाण्याचा घोट नाही, तर गोळी कशी गिळणार.
कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, आई करायची.
एवढंच.
आणि ते एवढंसं नव्हतं.

अकराव्या रोज्याला शमाल सुटला.
आधी डोंगर गेला, मग समुद्र,
मग समोरच्या न्हाव्याची पाटी.
साडेतीनला क्रशरची पिकअप दारात.
पुढच्या सीटवर इस्माईलभाई,
तळहात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांशी,
छातीत शिट्टी,
ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे.
शाजी ड्रायव्हर मल्याळममध्ये ओरडत होता,
मी मराठीत.
त्यांच्याच खिशातून निळा पंप काढून
त्यांच्याच हातात दिला. घ्या. घ्या हो.
त्यांनी बोट वर केलं.
देव दाखवला की सूर्य,
मला अजून कळलेलं नाही.
मगरिबला तीन तास होते.

मग तेच बोट खाली आलं
आणि पंपावर दाबलं.
११३.
थांबा. पुन्हा.
११२.
ॲम्ब्युलन्स येईतो आणखी दोन.

चौथ्या दिवशी स्वतः चालत आले.
"एक रोजा उधार झाला, बाय. ईदनंतर फेडीन."
उधार नाही हो होत, इमाम म्हणतात ना,
असं अगदी ओठांवर आलं होतं.
गिळलं.
हिशेब त्यांचा, वही त्यांची,
मी फक्त शेजारची दुकानदार.
पेन मागून घेतलं,
पंपाच्या खोक्यावर उर्दूत काहीतरी लिहिलं,
उजवीकडून डावीकडे, सावकाश,
आणि पहिल्यांदाच
एक वाक्य न टेकवता पुरं केलं:
"फेडायला माणूस जगला पाहिजे, हेही खरंच ना."

बाहेर वारा होताच.
ओला रुमाल नाकाला बांधून,
खिशावर हात ठेवून ते गेले.
मी काच पुसली.

पुढच्या खेपेला आकडा मी विचारणार नाही.
ते आपणहून पंप काढून दाखवतील.
नाही दाखवला,
तर विचारीनच.