पाचव्या दिवसाचं पाणी

रविवार. सकाळचे साडेनऊ, आणि बाक आत्ताच पाठीला चटके देतोय.
पंख्याचं एक पातं वाकलंय, दर फेरीला ते
काहीतरी आठवल्यासारखं अडखळतं.
देवदान पाळक विहिरीपाशी पोचलेत.
भर दुपारची वेळ आहे, ते सांगतात,
बाकीच्या बायका पहाटेच भरून गेल्या,
ही एकटी आली आहे घागर घेऊन, लोकांची तोंडं चुकवत.

आणि प्रभू तिच्याकडे पाणी मागतो.

नेमका इथे पुढच्या बाकावर शीलवंतचा फोन थरथरला.
मग मार्थाबाईंचा. मग तिसऱ्या रांगेत दोन.
मोठ्यानं कुणी बोललं नाही, पण बातमी
दानार्पणाच्या थैलीसारखी बाकाबाकांतून सरकत आली:
पाणी आलंय.

सोलापूर ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगावं लागेल,
आमच्या आठवड्याला वार सात नाहीत.
एक पाण्याचा, बाकीचे चार वाट बघण्याचे.
धरण किती टक्के, हे इथल्या पोरांना पाढ्यांआधी येतं.
परवाच्या पेपरात: नळावर भांडण, डोक्यात कळशी, आठ टाके.
त्याच पानावर खाली, कुठल्याशा दूरच्या शहरात
बॉम्बनं फुटलेली टाकी, आणि डबा धरून उभं असलेलं मूल.
ते पान मी कपाटात अंथरलं, डाळीच्या डब्यांखाली.
दुसरं काय करणार होते?

तर चर्च रिकामं होऊ लागलं.
आधी मागून, चोरपावलांनी, मग उघड उघड.
पेटीवरचा पोरगा भाता तसाच उघडा टाकून पळाला.
देवदान पाळक थांबले. चष्मा काढून पुसला.
"जा," म्हणाले, "तीही घागर टाकून गावात धावली होती.
तुम्ही मात्र भरून घ्या."
हसू पसरलं. मग त्यांनी आपल्या बाईंकडे पाहिलं,
आणि त्याही उठल्या.

मी नाही उठले.
भक्तीमुळे नव्हे, गुडघ्यामुळे.
आणि जरा हट्टानं. बत्तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात
रात्रपाळी केलेल्या बाईला
कुणी ऊठ म्हटलं की बसावंसं वाटतं.
अकरा जण उरलो. प्रार्थना झाली
राज्यकर्त्यांसाठी, पावसासाठी,
टॉवेलच्या कारखान्यातून कमी केलेल्या सदतीस जणांसाठी.
त्यांतला एक माझा भाचा, आमोस. नाव घेऊ नका म्हणालाय.
आणि खरं सांगते, आमेन म्हणताना माझ्या मिटल्या डोळ्यांपुढं
जिन्याखालचा निळा बॅरल होता, तळाला चार बोटं पाणी.

रिक्षातून उतरले तेव्हा गल्ली ओली होती,
नळ सूं सूं करून गप्प झालेला.
जिन्याखाली माझे दोन्ही हंडे, कळशी,
तो निळा बॅरलसुद्धा, काठोकाठ.
वर झाकण म्हणून एक जुनं सूप,
तंबाखूचा वास येणारं.

नरसम्मा.
दिवाळीपासून आम्ही बोलत नाही, मोटारीवरनं.
तुमची मोटार आमचं पाणी ओढते, असं ती म्हणाली होती.
मग मी जे म्हणाले ते इथे लिहीत नाही.
दारात बसून ती विडीची पानं कातरत होती,
मागे कुणाचे तरी माग खडखडत होते, रविवार असून.
मान वर न करता म्हणाली,
"अर्धा तास कमीच सोडलं बघा आज."

हो, म्हणाले मी.
पुढे काहीतरी म्हणायला हवं होतं,
उपदेशात अशा जागी मोठं वाक्य असतं.
मला सुचलं ते एवढंच, की घसा कोरडा पडलाय.
"नरसम्मा, थोडं पाणी दे गं," मी म्हणाले,
माझ्याच भरलेल्या भांड्यांशेजारी उभी राहून.

तिनं पाहिलं, वेड लागलं का हिला, तसं.
मग मांडीवरची पानं बाजूला सारली,
हात पदराला पुसले,
आणि आत गेली तांब्या आणायला.