ज्येष्ठता यादी, मसुदा सातवा

कालिन्याला जुन्या हँगरमागं, दुसऱ्या मजल्यावर
मी अकराशे अठ्ठावीस वैमानिकांना
एकाखाली एक बसवते.
निळ्या टायचे सातशे चार, तपकिरी टायचे चारशे चोवीस.
दोन कंपन्यांचं लग्न लागलं, पंगती उठल्या,
थोरली जाऊ कोण, एवढंच ठरायचंय.

निळे म्हणतात, रुजू झाल्याची तारीख धरा.
तपकिरी म्हणतात, डाव्या खुर्चीत बसल्याची धरा.
निळ्यांकडे माणूस अकरा-अकरा वर्षं उजवीकडे बसून
डावीकडच्याच्या खांद्यावरचे पट्टे बघत पिकला.
तपकिऱ्यांकडे विमानंच इतकी आली एकदम
की मिसरूड फुटतंय तोवर कॅप्टन.
दोघांचंही खरंय.
खरं दोन असलं की एक रकाना पुरत नाही
हे मला निवृत्त न्यायमूर्तींच्या आधी कळलं होतं,
पण मला कोण विचारतंय?
मी कंत्राटी. माझं नाव कुठल्याच यादीत नाही.

मरोळच्या हॉटेलात सुनावणी झाली,
आदल्या रात्रीच्या साखरपुड्याचा झेंडू अजून भिंतीवर.
रात्री दोन वाजता ढगांच्या पोटात
एकमेकांच्या हाती विमान सोपवणारी माणसं
पाण्याची बाटली सरकवत नव्हती टेबलावरून.

बाहेरच्यांना वाटतं, मानापमान.
मान कसला!
दिवाळीला घरी कोण आणि पहाटे साडेतीनला नागपूर कुणाला,
मोठं विमान कुणाला,
आणि वाईट दिवस आले की आधी कुणाला काढायचं,
हे सगळं त्या आकड्यात असतं.
यादीत खालचा तो दारापाशी बसलेला.

कॅप्टन उपेंद्र सबनीस स्वतः आले, जिना चढून.
प्लॅस्टिकच्या पिशवीत नेमणूकपत्र:
सहा जूनला हजर व्हावे.
हजर झाले पंधराला.
दोन जूनला वडील गेले होते. चौदाला तेरावं.
त्या नऊ दिवसांत निळ्यांचे तेवीस जण पुढे गेले,
कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं;
आता तपकिऱ्यांचे अठराही पुढे.
"एक्केचाळीस," ते म्हणाले,
"बाई, सुतकाचा रकाना आहे का तुमच्याकडे?"
मी वर-खाली बघितलं, डावी-उजवीकडे बघितलं.
रकाने 'त' पर्यंत होते.
चहा मागवला. त्यांनी साखर घातली नाही, आणि ढवळत राहिले.

काल रोहिंटन दुबाश यांचा कागद आला.
तपकिरी. क्रमांक तीनशे शहाऐंशी.
वैद्यकीय तपासणीत हृदयाची रेघ कुठंतरी अडखळली,
कायमचे अपात्र.
ओळ निवडायची, काढून टाकायची, बस.
खालचे सातशे बेचाळीस एकदम वर सरकले
आणि माझ्या टेबलावरचा टाचण्यांचा डबासुद्धा हलला नाही.
इतके वकील, इतक्या तारखा,
आणि यादी खरी वर सरकते ती अशी:
कुणाचं तरी काहीतरी बिघडावं लागतं.

संध्याकाळी सबनीसांचा फोन.
मागं कुठल्यातरी गेटची घोषणा चाललेली.
"मी एकानं वर आलोय. चूक तर नाही ना?"
नाही म्हटलं.
"कोण?"
सांगायचा नियम नाही. सांगितलं.
बराच वेळ नुसती ती घोषणा ऐकू येत राहिली,
शेवटची सूचना, प्रवाशांनी त्वरित यावे.
मग ते म्हणाले,
"सिम्युलेटरला एकदा जोडीनं होतो आम्ही.
मुलगी बारावीला असेल त्यांची."
आणि ठेवला.

मसुदा आठवा, मी नाव दिलं.
मग वाटलं, एवढ्यात कशाला, उद्या बघू,
आणि दुबाशांची ओळ, पुसट राखाडी करून,
एका रात्रीपुरती परत जागेवर ठेवली.