रोजचं रान

पाचशे फूट. होटगी रोडची धावपट्टी
नुकतीच शेपटीखालून सुटलेली,
आणि कॅप्टन बिराजदार, जे एवढा वेळ
अक्कलकोटच्या मेव्हण्याच्या कोरड्या बोअरबद्दल सांगत होते,
बोलता बोलताच हात पुढे करतात
आणि थ्रॉटल मागं ओढतात.
खोलीतून निघताना दिवा बंद करावा तसं.

"इंजिन गेलं. कर काय करतीस ते."

पुढचं पातं फिरत राहतं, पण नुसतं, वाऱ्यानं.
आवाज जातो तेव्हा काय होतं
ते मला लहानपणापासून ठाऊक आहे.
अशोक चौकामागं आमचे चार माग.
नान्ना जेवायला बसलेले, चारातला एक थांबला
की घास हातातच राहायचा.
"दोन नंबर. ताणा तुटला," म्हणायचे, मान न वळवता.
तुटलेला धागा सापडेपर्यंत माग उभा राहतो.
विमान उभं राहत नाही.
एवढा एकच फरक,
आणि तो हाताला पटायला नऊ तास लागले.

कारण पडताना हाताला वर ओढावंसं वाटतं.
हात अडाणी असतो.
नाक खाली घालायचं. ज्या जमिनीची भीती
तिच्याकडंच तोंड करायचं. पासष्ट नॉट.
आणि मागं वळायचं नाही.
मागं तर सगळंच आहे: रुंद डांबर, कँटीनचा चहा,
झाडाखाली लावलेली माझी स्कूटी.
"मागं वळलेली दोन पोरं मी स्वतः उचललीत,"
कॅप्टन एकदा म्हणाले होते.
पुन्हा कधी नाही म्हणाले.

म्हणून समोर. काचेत मावेल तेवढंच जग.
ऊस नको. बाभळी नकोत. पत्र्याची वस्ती नको.
रुळांपलीकडं एक काळा तुकडा,
ज्वारी निघालेली, कडब्याच्या पेंढ्या कडेला,
सऱ्या नेमक्या वाऱ्याच्या तोंडाला.
"ते," मी म्हणते. "ते रान."
इंधन, मॅग्नेटो, पट्टा, दार.
दोनशे फुटांवर टॉवेल बांधलेला एक माणूस
पेंढ्यांमधून उठतो, दोन्ही हात वर करतो.
बोलावतो की हाकलतो, कळत नाही,
तेवढ्यात थ्रॉटल पुढं जातो, इंजिन परत येतं,
आणि तो माणूस पंखाखाली जाऊन संपतो.
"बरं निवडलंस."

त्या आठवड्यात तेच रान मी आठ वेळा निवडलं.

रविवारी स्कूटीवरून गेले. रेवप्पा नाव.
म्हटलं, काका, घाबरत जाऊ नका, ते खोटं असतं,
इंजिन चालूच असतं, आम्ही सराव करतो.
"ते दुसऱ्याच दिवशी कळालं मला."
शेंग फोडून अर्धे दाणे माझ्या हातावर ठेवले.
"पण बाळ, रोज तू इथंच यालालीस.
वरनं ती तार दिसती का?"

तार?

पंपाची. एका टोकाला खांब,
दुसऱ्या टोकाला बाभळीची मेढ,
मधे झोळ. दोन पुरुष उंच.
काळ्या रानावर काळी तार,
मी तिच्याखाली उभी होते तरी
दोनदा शोधावी लागली.
"हात हलवून हलवून दमलो की मी."

दोनशे फुटांवर आम्ही रोज वाचत होतो.
तार तर वीस फुटांवर होती.

सोमवारी पुन्हा पाचशे. पुन्हा तो हात.
मी रुळांच्या अलीकडचं रान घेतलं, आखूड, ढेकळांचं.
"का गं? रोजचं आहे की तिकडं."
"तिकडं तार आहे."
कॅप्टन बराच वेळ काचेला नाक लावून बघत राहिले.
"मला तर दिसत नाही."
"वरून दिसत नाही, सर."

पलीकडं रेवप्पा पेंढीवर बसून
तांब्यानं पाणी पीत होता.
आज त्यानं वर पाहिलंही नाही.