काज

कोर्लईला मोजणीला गेलो तेव्हा
साखळीपेक्षा ऊन लांब होतं.
गट नंबर एकशे सोळा, क्षेत्र अकरा गुंठे,
भोगवटादार लाझार इनास वेगस.
मालकीचा पुरावा?
म्हातारा मुळ्याच्या वाफ्यातून उठला नाही.
पाटाचं पाणी पायानेच वळवत म्हणाला,
कागद जहाजावर गेले, साहेब.
कुठल्या?
शेवटच्या.

मग खाडीपलीकडे, रेवदंड्याच्या माडांतून
डोकावणाऱ्या तुटक्या तटाकडे हनुवटी करून
त्याने आज्याच्या आज्याची गोष्ट काढली,
काल शेजारच्या घरात घडल्यासारखी.

राजाने सांगितलं, जा, राहा, लग्नं करा,
तिथल्याच पोरींशी करा, बाप्तिस्मा झाला म्हणजे झालं.
लग्न केलेल्या शिपायाला माड मिळाले, भातखाचर मिळालं.
कोणाची होती खाचरं, मी विचारलं.
ज्यांची होती ते डोंगरामागे गेले, तो म्हणाला,
आणि मुळा उपटून माती झटकली.
तेवढ्यावर आम्ही दोघांनीही भागवलं.

पोरं झाली. पोरांना पोरं.
तोवर राजाच्या वहीत रकाने पडले :
तिथे जन्मले ते वर,
इथे जन्मले ते खाली,
इथल्या आईचे त्याहून खाली,
आणि माडांवरचा कर सगळ्यांना सारखा.
कराचा महिना आला की आम्ही राजाची लेकरं.
तोफांना दारू मागितली की
कोण तुम्ही, कुठले, नाव नीट लिहा.

वेढा पडला तेव्हा आज्याने पत्र धाडलं,
म्हणजे दुसऱ्याकडून लिहवून; त्याची दोन बोटं गेलेली.
चार पिंपं दारू, शंभर माणूस.
मीठ नको, मीठ आहे.
पत्र वारा बघून गोव्याला,
गोव्याहून वारा बघून पुढे.
उत्तर यायला दोन पावसाळे.
तोवर किल्ला सहीशिक्क्याने दुसऱ्यांचा झाला होता.
पाद्री गेले, घंटा गेली,
ज्यांच्या गाठीला भाडं होतं ते गेले.
लखोटा फोडला तर वाचणारं कोणी नाही.
पुढच्या उन्हाळ्यात एक फिरता पाद्री आला, त्याने वाचलं :
आमच्या प्रिय प्रजेस आशीर्वाद.
सुपारीची मागली बाकी त्वरित धाडावी.

लाझार हसला. पुढचे दात नाहीत.
तुमच्या अलिबागला मी अर्ज दिला, त्याला किती झाले?
मी फाइल चाळली. चार वर्षं, दोन महिने.
वारा पडला असेल, तो म्हणाला.

दारातून सून काहीतरी ओरडली.
मराठी नव्हतं ते. त्यातला एकच शब्द
मला ओळखीचा वाटला.
काज म्हणाली?
हो, काज. घर. घरात या, जेवण निवतंय म्हणते.
आमच्याकडे काज म्हणजे गुंडीचं भोक.
एकच ते, म्हातारा म्हणाला, पाद्री सांगायचा,
तिकडे गुंडीच्या भोकालाही घरच म्हणतात.
आम्ही घर ठेवलं, तुम्ही भोक.

माझ्या सदऱ्याला छातीपाशी एक काज रिकामं होतं.
गुंडी कुठल्या धुण्यात गेली, आठवत नाही.
पण कडेचा टाका पक्का होता,
कुण्या बाईने बारीक हाताने घातलेला,
सुटा एक धागा नाही.

ओसरीवर बसून मी नकाशा पुरा केला.
पूर्वेस पाणंद, पश्चिमेस चर्चची भिंत,
पुराव्याच्या रकान्यात : वहिवाट, पूर्वापार.
साहेब ते मान्य करतील असं नाही.

निघताना त्याने मुळ्याची एक जुडी बांधून दिली.
मी नको नको म्हणेपर्यंत
हात पुढे करून पैसे मागितले.