सराव पाठ

ताम्पेरेच्या शाळेत मागच्या बाकावरून
मी वहीत टिपलं होतं :
प्रश्न विचारल्यावर शिक्षिका सात सेकंद गप्प राहते.
खाली दोन रेघा.

गोवंडी, पाचवी ब, अपूर्णांक.
'पाव म्हणजे किती?' विचारलं, गप्प राहिले.
दुसऱ्या सेकंदाला मागून कुणीतरी : बाई विसरल्या!
चौथ्याला सगळा वर्ग खिदळला,
वाघधरे सरांनी पेनाचं टोपण काढलं.
शेरा : वर्गनियंत्रण कमी.

कामी आलं ते वहीत न टिपलेलंच.
तिथल्या दुकानात मला मीठ मागता येईना,
हवेत चिमूट धरून उभी,
मागे रांग वाढलेली,
आणि गल्ल्यावरच्या बाईला कसली म्हणून घाई नव्हती.

कलबुर्गीहून जूनमध्ये आलेली शरणम्मा
अजून फळ्याकडेच बघत होती.
मी थांबले. सात संपले, मोजणं सोडलं.
तिनं दप्तरातून डबा काढला,
भाकरी मोडली, दोनदा,
चतकोर माझ्यापुढे धरला.

तुमच्याकडे काय म्हणतात याला?
'कालु.'
मी म्हणून पाहिलं. तिनं मान हलवली, नाही.
पुन्हा चुकले.
ती थांबली.